पाय धुताना तळवा बघा

आईच्या टाचेवरचा काळा डाग आम्ही घरातल्या सगळ्यांनी काजूच्या तेलाचा समजलो होतो. आमच्या गोव्यातल्या पेडणे तालुक्यात एप्रिल-मे म्हणजे काजूचे दिवस. बोंडू भट्टीला जातात, बिया अंगणात वाळतात, आणि आई दरवर्षी त्यातल्या थोड्या परसात जुन्या पत्र्यावर भाजते. भाजताना टरफलातून जळजळीत काळं तेल सुटतं. ते ती काडीने टाचेच्या भेगांत भरते. तिची आईही तेच करायची. कातडी भाजून काळी पडते आणि पावसाच्या तोंडावर सालपटासारखी निघून जाते. त्यामुळे सहा वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला मसुराएवढा डाग तसाच राहिला, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही.

लावणीला शेतात उतरली की तो ठुसठुसायचा. श्रावणात एकदा तिने कधी नव्हे ते बोलून दाखवलं, म्हणून मी तिचा पाय मांडीवर घेतला. डाग आता पावट्याच्या दाण्याएवढा होता. एका बाजूने डांबरासारखा काळा, दुसऱ्या बाजूने चहासारखा तपकिरी, मध्ये राखेचा रंग. कड सरळ नव्हती, नकाशात किनारा काढतात तशी आत-बाहेर गेलेली. मी बोटाने चोळून पाहिलं. हलला नाही.

जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. कुरूप आहे म्हणाले आणि चिकटपट्टी दिली. महिन्याने पुन्हा गेलो तेव्हा ब्लेडने वरचा भाग खरवडून काढला आणि मलम लावलं. खरवडलेला तुकडा कापसात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात गेला. मी शेजारीच उभी होते. तो तुकडा तपासायला पाठवायचा असतो हे मला माहीत नव्हतं. आज कुणालाही मी पहिलं हेच सांगते: अंगावरचा काळा डाग कुणी कापला किंवा खरवडला तर निघालेलं मांस पॅथॉलॉजीत गेलंच पाहिजे. ते टाकून दिलं तर डाग कसला होता हे कळायची वाटच बंद होते.

दिवाळीच्या आधी, घर सारवून झाल्यावर, जमिनीवर रक्ताचे ठिपके उमटले. दुसऱ्या दिवशी आम्ही म्हापशाहून बस बदलून बांबोळीला गेलो, गोवा मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दिवा असलेलं एक भिंग टाचेवर टेकवलं आणि बराच वेळ काही न बोलता बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "हा डाग किती दिवसांत एवढा झाला?" त्यांना आकारापेक्षा किती वेगाने वाढला याचं जास्त पडलेलं होतं. डागाभोवती भुलेचं इंजेक्शन दिलं, बारीक तुकडा काढला, दोन टाके घातले. अहवाल आला त्यात शब्द होता मेलानोमा. त्वचेचा कॅन्सर, आणि त्वचेच्या कॅन्सरमधला सगळ्यात घातक.

मला तो शब्द पटलाच नाही. त्वचेचा कॅन्सर म्हणजे हरमलच्या किनाऱ्यावर दुपारभर पालथ्या पडून भाजून घेणाऱ्या गोऱ्या लोकांचा आजार, अशी माझी पक्की समजूत होती. आई सावळी, आयुष्यात किनाऱ्यावर ऊन खायला गेली नाही, आणि डाग तर तळव्यावर, जिथे सूर्य पोचतच नाही. मी हे डॉक्टरीणबाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, अगदी म्हणूनच आपल्याकडे तो उशिरा सापडतो. आपल्या कातडीतल्या रंगद्रव्यामुळे उन्हापासून होणारे कॅन्सर आपल्याला गोऱ्या लोकांच्या मानाने पुष्कळ कमी होतात. पण सावळ्या आणि काळ्या माणसांना मेलानोमा झाला तर तो बहुतेक वेळा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. हरमलच्या दुकानांत ज्याचं चित्र असलेले टीशर्ट लटकत असतात तो जमैकाचा गायक बॉब मार्ले याच आजाराने गेला. १९७७ साली त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली निदान झालं, तोवर सगळ्यांनी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा धरली होती. १९८१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, तो वारला. ते टीशर्ट वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर होते, हे मात्र कधी कानावर आलं नव्हतं.

या आजारात डाग किती रुंद यापेक्षा किती खोल गेलाय हे मोजतात, मिलिमीटरमध्ये. आईचा दोन मिलिमीटरच्या थोडा पुढे गेला होता. शस्त्रक्रियेत डागाभोवती चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर चांगली कातडी काढली, मांडीची कातडी टाचेवर लावली आणि कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो ती जांघेतली पहिली लसिकागाठ काढून तपासली. गाठ स्वच्छ निघाली. अहवाल हातात घेऊन मी बांबोळीच्या त्या लांबलचक वऱ्हांड्यात भिंतीला टेकून रडले. जूनमध्येच आलो असतो तर डाग मसुराएवढा होता. मधले पाच महिने आमच्या हातचे गेले होते.

त्या पाच महिन्यांचा हिशेब माझ्या डोक्यातून जाईना. मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, चार माणसांपुढे बोलायची सवय आहे. म्हणून माघातल्या हळदीकुंकवाला महिला मंडळात अर्धा तास मागून घेतला. इंटरनेटवरून चित्रं उतरवली, मुलाकडून पडद्यावर दाखवायची सोय करून घेतली. ऊन टाळा, टोपी घाला, सनस्क्रीन लावा. चित्रांतली माणसं सगळी गोरी, खांद्यावर लाल चट्टे असलेली. बायका शांतपणे ऐकत होत्या. शेवटी एक वहिनी म्हणाल्या, "बाई, दहा ते चार उन्हात जायचं नाही तर भात कोण लावणार?" दुसरीने सनस्क्रीनची किंमत विचारली. आकडा ऐकून तिने नुसतं वाणाच्या ताटाकडे बघितलं.

माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि त्यांचं खरं होतं. ज्या आजाराने माझ्या आईला गाठलं त्याबद्दल मी त्या अर्ध्या तासात एक शब्दही बोलले नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या माणसांना जे सांगायला हवं ते मी पेडण्यातल्या शेतकरी बायकांना सांगून आले होते.

पुढच्या तपासणीला आईबरोबर गेले तेव्हा वही घेऊन गेले आणि विचारलं, आमच्या वाड्यावरच्या माणसांनी नेमकं काय बघावं? डॉक्टरीणबाईंनी वेळ काढून सांगितलं, मी लिहून घेतलं. तळपाय, तळहात, नखं: नवा काळा डाग, किंवा रंग-आकार बदलणारा जुना. महिनाभरात न भरलेली कुठलीही जखम. आणि भाजल्याचे जुने व्रण. या शेवटच्याची मला कल्पनाच नव्हती. भाजलेली जागा भरून वीस-तीस वर्षं झाली, आणि मग ती पुन्हा चिघळायला लागली, कडा जाड झाल्या, तर तिथे कॅन्सर असू शकतो. मार्जोलिन नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याने १८२८ साली अशा व्रणांचं वर्णन केलं, म्हणून त्याला आजही त्याचंच नाव आहे. चुलीवर, स्टोव्हवर, काजूच्या भट्टीवर भाजलेली माणसं आमच्या प्रत्येक वाड्यावर आहेत.

चौथी गोष्ट ऐकून तर मी थक्क झाले. कमरेला धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधल्याने तिथली कातडी घासून घासून होणारा कॅन्सर! टाटा मेमोरियलमधल्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली त्याच्यावर लिहिलं. पुढे तसाच तो परकराच्या नाडीखालीही सापडला. आडनाव बघा, आमच्या सीमेपलीकडच्या, वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीचं. असा आजार विरळा, पण नाडीखालचा काळा जाड पट्टा कुठल्या बाईने पाहिलेला नाही? नाडी रुंद करा, बांधायची जागा बदलत राहा, पट्ट्यावर जखम होऊन राहिली तर दाखवा. याला पैसा लागत नाही.

आता प्रश्न होता हे सांगायचं कुठे आणि कसं. तळवा ही आपल्याकडे दाखवायची जागाच नाही. मोठ्यांच्या आपण पाया पडतो, पण हात लागतो तो पावलाच्या वरच्या बाजूला. कुणाकडे तळवा करून बसणं म्हणजे अपमान. माझ्या आईच्या रोज पाया पडणाऱ्या नातवंडांनी तिचा तळवा जन्मात पाहिला नव्हता. आणि म्हाताऱ्या माणसाला वाकून स्वतःचा तळवा दिसत नाही. म्हणजे ही जागा स्वतःलाही दिसत नाही आणि दुसराही बघत नाही.

उत्तर मला देवळाच्या नळावर सापडलं. एका सोमवारी भजनाला गेले होते. आत जाण्याआधी प्रत्येक जण चप्पल काढून, एका हाताने खांब धरून, पाय उचलून पाणी ओतत होता. क्षणभर प्रत्येकाचा तळवा वर येत होता. मी तिथेच उभी राहून बघत राहिले. जी सवय लावायला मी धडपडत होते तिचा अर्धा भाग गावाला पिढ्यान्‌पिढ्या लागलेलाच होता. फक्त नजर खाली जायला हवी होती.

देवस्थान समितीला विचारलं. देवळाच्या आवारात डॉक्टरी नको, असं एकाला वाटलं, पण बाकीच्यांनी अग्रशाळा, म्हणजे देवळाची धर्मशाळा, वापरायला दिली. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई यायला तयार झाल्या, अंगणवाडी सेविकेने घरोघर सांगितलं. मी लाकडी चौकटीचे चार हातआरसे घेतले, दोन स्टुलं, गरम पाण्याची बालदी, टॉवेल. आणि रविवारी सकाळी पहिल्या तासात एकही जण पाय दाखवायला बसला नाही. लोक येत होते, चौकशी करत होते, पाय धोतरात-साडीत ओढून घेत होते.

आई कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. तिला मी नुसती सोबत म्हणून आणलं होतं. ती उठली, लंगडत पुढे आली, स्टुलावर बसली आणि डावा पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवून तळवा सगळ्यांकडे केला. टाचेच्या जागी खोलगट, चकचकीत, वेगळ्याच रंगाची कातडी, भोवती टाक्यांची जाळी. आधी तिने देवळाच्या दिशेने हात जोडले. मग म्हणाली, "देवा, माफ कर. पण ह्यांना दिसूदे." पुढचं ती लोकांशी बोलली: "काजूचं तेल म्हणून सोडला मी. तुम्ही सोडू नका."

माझी सगळी चित्रं, सगळे कागद यापुढे काहीच नव्हते. वाड्यावरची एक आजी उठून तिच्याशेजारी बसली. मग रांगच लागली.

त्या दिवशी साठेक जणांचे पाय पाहिले. कॅन्सरसारखं काही आढळलं नाही. भेगा, नायटे, चिखल्या, आणि मधुमेहाच्या जखमा. या जखमांचा आम्ही विचारच केला नव्हता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. पायाला जखम आहे आणि कळतच नाही, अशी माणसं समोर बसलेली पाहिल्यावर तो आकडा खरा वाटला. एका काकींच्या करंगळीखाली खडा रुतून भोक पडलं होतं, त्यांना पत्ता नव्हता. नर्सबाईंनी त्यांना तिथूनच आरोग्य केंद्रात नेलं. तेव्हापासून आमची तपासणी एकच असते, मधुमेहाचा पाय आणि काळा डाग दोन्ही एकाच वेळी.

एक चूकही माझ्या हातून झाली. एका तरुण मुलीच्या तळव्यावर दोन-तीन सपाट तपकिरी ठिपके होते. मी उत्साहाच्या भरात म्हणाले, लगेच बांबोळीला जा. तिला लगेच रजा मिळेना, ते आठ दिवस ती जेवली-झोपली नाही असं तिच्या आईने नंतर सांगितलं. डॉक्टरांनी भिंगाने पाहून काही नाही म्हणून परत पाठवलं. सावळ्या माणसांच्या तळव्यावर असे ठिपके आणि बऱ्याच नखांत तपकिरी उभ्या रेघा जन्मभर निरुपद्रवी असतात. काळजीचा डाग वेगळा: एकटाच, वाढणारा, दोन-तीन रंगांचा, वेड्यावाकड्या कडेचा, साधारण सहा मिलिमीटरच्या पुढे गेलेला. नखाची काळजीची रेघ एकाच नखात असते, रुंद होत जाते, आणि काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरतो. मी त्या मुलीच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून कुणालाही डाग "वाईट दिसतो" असं म्हणत नाही. विचारते, बदलतोय का? सांगता येत नसेल तर पातळ कागद ठेवून डागाची कड पेनाने गिरवून घेते, खाली तारीख घालते, आणि महिन्याने तोच कागद पुन्हा ठेवते. दिसायलाच विचित्र असेल किंवा रक्त येत असेल तर मात्र महिना थांबायचं नाही.

दुसऱ्या वर्षी रापणीवरचे, म्हणजे किनाऱ्यावरून मासेमारीचं मोठं जाळं ओढणारे, एक आजोबा आले. आले म्हणजे त्यांच्या सुनेने आणले. तरुणपणी स्टोव्ह भडकून पोटरी भाजली होती, त्या व्रणाच्या मधोमध वर्षभर जखम होती. खारं पाणी लागलं की बरी होईल, या भरवशावर ते रोज रापण ओढायला समुद्रात उतरत होते. जखमेच्या कडा फुलकोबीसारख्या उचललेल्या, वास येत होता. मी त्यांना कॅन्सर हा शब्द सांगितला नाही, तो सांगायचा अधिकार माझा नव्हता. एवढंच म्हणाले, "आजोबा, इतकी वर्षं भरलेला व्रण आता का उघडला ते एकदा विचारून येऊ." तीन वेळा नाही म्हणाले. चौथ्या वेळी आईने त्यांना आपली टाच दाखवली. अहवाल आला, कातडीचाच कॅन्सर होता, दुसऱ्या प्रकारचा, वरच्या थरातल्या पेशींचा. पण गाठीपर्यंत पोचलेला नव्हता. कापून काढला, पाय वाचला. आता ते रापणीवर बाकीच्यांच्या पोटऱ्या बघतात.

उन्हाचं मी पूर्ण सोडून दिलं असं नाही. आमच्या शाळेत एक मुलगा आहे, जन्मतः रंगद्रव्य नसलेला. केस पांढरे, डोळे उजेडात मिटणारे. लोक त्याला कोड समजतात, ते कोड नव्हे. अशा मुलांना कातडीचं संरक्षणच नसतं, ऐन तरुणपणात उन्हाने कॅन्सर होऊ शकतो. आमच्या गावात सनस्क्रीनची खरी गरज कुणाला असेल तर त्याला, आणि तोच वर्गात खिडकीजवळ बसत होता, अकराच्या उन्हात कवायत करत होता! त्याची जागा बदलली, कवायत सकाळी पहिल्या तासाला घेतली, पूर्ण बाह्यांचा गणवेश आणि रुंद काठाची टोपी दिली. तीस एसपीएफच्या, म्हणजे ऊन अडवण्याचा आकडा तीस असलेल्या, सनस्क्रीनची बाटली शाळेच्या कपाटात असते, बाहेर जाण्याआधी लावायची, दोन तासांनी पुन्हा. वेगळं पडल्यासारखं वाटू नये म्हणून टोपी सगळ्या वर्गाला घातली.

आणि मुलांना सावली मोजायला शिकवली. मार्चमध्ये अंगणात एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने खडूने त्याची सावली आखायची, तासातासाला. सावली आपल्या उंचीहून लांब असेल तर खेळा, आखूड झाली की झाडाखाली या. आखूड सावली म्हणजे सूर्य डोक्यावर आणि किरण तीव्र. गोव्यात मेच्या सुरुवातीला भर दुपारी ती पायाखालीच नाहीशी होते. घड्याळ नसलेल्या पोरालाही हे समजतं. भात लावणाऱ्या त्या वहिनींचा मुलगा याच वर्गात आहे. एक दिवस त्या म्हणाल्या, "पोरगा शेतात येऊन माझी सावली मोजतो आणि आंब्याखाली बस म्हणतो." त्या बसतात की नाही हे मी विचारलं नाही. डोक्यावर इरलं किंवा रुंद टोपी, ओठांवर पदर, एवढं त्यांच्याकडून होतं.

काजूच्या तेलाबद्दल मी आईशी भांडले नाही. त्याने कॅन्सर झाला असं कुणी म्हटलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण तेल डाग झाकतं. बिब्ब्याचंही तेच, आणि मेंदीचंसुद्धा. म्हणून बायकांना सांगते, लावण्याआधी एकदा तळवा बघून घ्या, आणि पावसाळ्यात सालपट निघाल्यावर पुन्हा.

आईची तपासणी आता वर्षातून दोनदा असते. घरातली तपासणी दर संकष्टीला. चंद्र उगवायची वाट बघत आम्ही दोघी पडवीत बसतो. मी तिची टाच, बोटांच्या बेचक्या, जांघ चाचपून बघते. झालं की ती जागेवरून उठत नाही. "आता तुझे," म्हणते. मी आधी संकोचायचे, आईच्या मांडीवर पाय कसे ठेवायचे. ती चष्मा लावते, मोबाईलचा दिवा माझ्या तळव्यावर धरते, अंगठ्याने एकेक बोट बाजूला करत सावकाश बघते.

"डावा झाला," म्हणते. "उजवा दे."